गंगेच्या गडूसाठी पुण्यात चार दिवस

नाशिकच्या बाईने गंगा आणायला पुण्याला जावं, यात काहीतरी चुकतंय हे मलाही कळत होतं. आमच्या नाशकात गोदावरीलाच गंगा म्हणतात. "गंगेवर जाऊन येते" म्हणून निघालेली बाई तासाभरात भाजी घेऊन परतसुद्धा येते. त्यामुळे मी बॅग भरायला लागले तेव्हा आमच्या यजमानांनी चष्म्यावरून पाहिलं आणि म्हणाले, "रिक्षाने दहा मिनिटांवर आहे. पुण्याला कशाला?"

"मला पाणी नकोय. गडू हवाय."

जुन्या वस्तू विकत घ्यायच्या आणि नफा धरून विकायच्या, हा माझा गेल्या नऊ वर्षांचा उद्योग. त्याआधी मी विमा विकत होते. त्या मानाने हे सोपं आहे. पितळी समई "विचार करून सांगते" म्हणत नाही.

गडू म्हणजे काय ते माहीत नसलेल्यांसाठी सांगते. पूर्वी काशीला गेलेली माणसं तांब्याच्या लहानशा लोट्यात गंगा भरून, त्याचं तोंड कथलाने झाळून पक्कं बंद करून घरी आणत. मग तो गडू देवघरात बसे आणि घरातल्या कुणाचा शेवट जवळ आला की उघडून दोन चमचे तोंडात घालत. आता देवघरं लहान झाली आणि गडू बाजारात आले. आमच्या धंद्यात बंद गडूला चांगला भाव येतो. उघडलेला गडू म्हणजे नुसतं तांब्याचं भांडं. मोडीत घाला, नाहीतर त्यात मनी प्लांट लावा.

मला बंदच हवा होता. नाशिकबाहेर द्राक्षमळ्यांत एक नवं हॉटेल उभं राहतंय. मालकीणबाई हुशार, बोलायला गोड, आणि दर तिसऱ्या वाक्यात 'ऑथेंटिक' म्हणणाऱ्या. त्यांना स्वागतकक्षात सीलबंद गडू ठेवायचा होता. पाहुण्यांना गोष्ट सांगता येते म्हणे. "शैलाताई, हा एक आणून दाखवा, मग चाळीस खोल्यांची सजावट तुमच्याकडेच," असं त्यांनी सांगितलं होतं. आजवर मी एका वेळी फार तर एक दिवाणखाना सजवला आहे. चाळीस खोल्या म्हणजे माझ्यासाठी दुकान वाढवून शेजारचा गाळा घेण्याची गोष्ट होती. तेव्हा मी पुण्याला का गेले हे आता कोणी विचारू नये.

बिबवेवाडी, मंगळवार

उतरले माझ्या मावसबहिणीकडे, नलूकडे. गडूची बातमी तिचीच. तिच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर एक जोडपं भाड्याने राहायला येणार होतं. शनिवार पेठेतली त्यांची सोसायटी पुनर्विकासाला निघाली होती, सामान कमी करायचं होतं, आणि त्या सामानात एक गडू होता.

"पण ताई, एक सांगते," नलू भरल्या वांग्यांची कढई माझ्यापुढे ठेवत म्हणाली, "त्या घरातल्या मालतीबाई गणिताच्या शिक्षिका होत्या. तुझी परीक्षा होईल."

"मी वस्तू विकत घ्यायला चाललेय, नोकरी मागायला नाही."

"जाऊन तर ये," असं म्हणून तिने मला आणखी एक वांगं वाढलं. नलूचं हे नेहमीचं. वाद आवरता येत नसला की वाढायचं.

जुना बाजार, बुधवार

मालतीबाईंनी गुरुवारची वेळ दिली होती, म्हणून बुधवार जुन्या बाजाराला दिला. पुण्याला जाऊन जुना बाजार न पाहणं मला जमत नाही. जमिनीवर पसरलेल्या ताडपत्र्या, त्यांवर कुलपं, कंदील, नळाच्या तोट्या, एकेकटे बूट, आणि मध्येच खरोखर चांगली वस्तू, जिची किंमत विकणाऱ्याला तुमच्या डोळ्यांवरून कळते. म्हणून मी बाजारात गॉगल घालते. नाशकात याला लोक हसतात, पुण्यात मात्र एका विक्रेत्याने लगेच ओळखलं. "डोळे आलेत की धंद्यातल्या आहात?"

त्याच्याकडे एक कंदील होता. म्हणाला, "पेशवेकालीन."

मी उलटा केला. बुडाशी इंग्रजीत रेल्वेची अक्षरं होती.

"पेशवे गाडीने जायचे का?"

"मॅडम, पेशवेकालीन म्हणजे क्वालिटी," तो अजिबात न डगमगता म्हणाला. "वर्ष नाही सांगितलं मी."

या उत्तरासाठी मी त्याच्याकडून एक अडकित्ता घेतला. तो मात्र फसवा निघाला. जुनेपणासाठी त्यावर कसलंसं औषध लावलेलं होतं, ते पिशवीतून झिरपून माझ्या चांगल्या सुती साडीवर उतरलं. डाग अजून आहे. अडकित्त्यापेक्षा तोच अस्सल आहे.

शनिवार पेठ, गुरुवार

स्वारगेटहून कसब्यापर्यंत मेट्रोने गेले आणि पुढे चालत. दार एका उंच, सडपातळ गृहस्थांनी उघडलं. हे मालतीबाईंचे यजमान. पोस्टातून निवृत्त झालेले. सगळे त्यांना अण्णा म्हणतात.

"नलूताईंच्या बहीण ना? दहाला येणार होतात."

"दहाच वाजलेत."

"तेच म्हणतोय. कौतुक आहे."

आत खोकीच खोकी. प्रत्येकावर खडूने आकडा, आणि अण्णांच्या हातात त्या आकड्यांची यादी. मालतीबाई स्वयंपाकघरातून आल्या. ठेंगण्या, पांढऱ्या केसांच्या, पदर खोचलेला. मी कोण, काय करते, माल कुठे जातो, विकणाऱ्याला खरं सांगते का आणि घेणाऱ्याला खरं सांगते का, हे त्यांनी उभ्याउभ्याच विचारून घेतलं. आमच्या नाशकात माणूस आधी भाव विचारतो आणि मग चहा. इथे आधी चौकशी, मग जेवण. भावाचं नंतर बघू.

जेवण अनपेक्षित होतं. त्याचं कारण पाहुणचार नव्हता. मालतीबाईंचा नियम होता: खोक्यात मावणार नाही ते पोटात गेलं पाहिजे. त्यामुळे माझ्या पानात साखरांबा, मेथांबा, दोन वर्षांपूर्वीचं लिंबाचं लोणचं, सांडगी मिरच्या, मेतकूट-भात आणि ताटाबाहेर जाणाऱ्या कुरडया आल्या.

"आणखी घ्या," अण्णा यादी बघत म्हणाले. "बरणी क्रमांक चार अर्धी आहे अजून."

मी तिथे पाहुणी नव्हते. मी एक रिकामी जागा होते.

हात धुतल्यावर मालतीबाईंनी देवघरातून गडू काढून दिला. नारळाएवढा, बसक्या पोटाचा, तांबं काळपट लाल झालेलं, झाकणाभोवती कथलाचं जाड कडं. गळ्याजवळ दोन ओरखडे होते, ते सोडले तर अंगावर कुठे पोचा नाही. मी तो कानाशी नेऊन हलवला. आत पाणी डचमळलं. म्हणजे सील पक्कं होतं.

"गंगेला काही विचारताय का?" मालतीबाई म्हणाल्या.

मी भाव सांगितला. त्या "ठीक आहे" म्हणाल्या. इथेच मी सावध व्हायला हवं होतं. पुण्यात भाव पहिल्या फटक्यात मान्य झाला तर समजावं की घासाघीस दुसऱ्याच गोष्टीवर व्हायची आहे.

"उद्या या," त्या म्हणाल्या. "रिकामा करून ठेवते."

"रिकामा?"

"मग? मी गडू देतेय. गंगा देत नाही."

मी समजावलं. बंद गडूचाच भाव आहे, उघडला की तो भाव राहणार नाही, मी हवं तर थोडे वाढवून देते. त्या शांतपणे ऐकत राहिल्या. वर्गात चुकीचं उदाहरण सोडवणाऱ्या मुलीकडे बघावं तसं त्या माझ्याकडे बघत होत्या.

"गंगेचा भाव काय धरलात?"

मी म्हटलं, "हल्ली पोस्टातसुद्धा बाटलीत गंगाजल मिळतं."

"मिळतं. यांनीच काउंटरवर विकलंय. ही माझ्या सासूबाईंनी काशीहून मांडीवर ठेवून आणलीय."

"आईने स्वतःसाठी आणली होती," अण्णा म्हणाले. यादी त्यांनी बाजूला ठेवली. "इथेच, या खोलीत गेली ती. दुपारची वेळ होती. डॉक्टर म्हणाले, आता जवळच्यांना बोलवा. मी गडू काढला. झाकण निघेना. स्क्रू ड्रायव्हर लावला, पक्कड लावली. शेवटी शेजाऱ्यांची हातोडी आणली. आई बघत होती. म्हणाली, 'राहू दे रे, भांडं पोचेल.'"

"तेच शेवटचे शब्द," मालतीबाई म्हणाल्या. "लोक राम म्हणून जातात. आमच्या सासूबाई 'भांडं पोचेल' म्हणून गेल्या. शेवटी माठातलं पाणी घातलं तोंडात."

मालतीबाईंनी खिडकीतून एक स्टीलची छोटी बाटली उचलून मला दाखवली. फिरकीचं झाकण होतं.

"आमच्या दोघांत ज्याची वेळ आधी येईल, त्याच्याजवळ उघडायला दुसरा एकटाच असेल. मुलगा लांब आहे. त्या वेळी हात थरथरणार. तेव्हा झाकण फिरकीचं हवं. गडूचा मला काय उपयोग? तुम्ही तो न्या."

मी पुष्कळ घासाघीस केली आहे. वाटण्या झालेल्या भावांशी केली आहे, वकिलांशी केली आहे. पण इतका बिनतोड हिशेब माझ्यासमोर कुणी मांडला नव्हता. मी "उद्या येते" म्हणाले आणि जिना उतरताना चाळीस खोल्या एकेक करून माझ्या मागे बंद होताना ऐकल्या.

शनिवार पेठ, शुक्रवार

गेले तर अण्णा जमिनीवर बसलेले, गडू दोन पायांत धरलेला, एका हातात स्क्रू ड्रायव्हर आणि दुसऱ्यात हातोडी.

"या वेळी निघेल," ते म्हणाले.

गळ्याजवळचे दोन ओरखडे कुठून आले ते मला आता कळलं. तिसरा माझ्या डोळ्यांदेखत होणार होता. मी गडू त्यांच्या पायांतून काढून घेतला. जुनं भांडं कुणी ठोकत असलं की माझ्याने बघवत नाही. धंद्याची सवय आहे.

"कथील ठोकून निघत नाही अण्णा, तापवून निघतं. उलथणं आहे का? पातळ, लोखंडी?"

"खोकं क्रमांक अकरा," अण्णा म्हणाले.

उलथणं गॅसवर लाल केलं आणि कथलावर टेकवलं. आतल्या पाण्यामुळे उष्णता टिकेना, पाच वेळा तापवावं लागलं. हळूहळू कथील चकाकलं, ओलं झालं, आणि मी ते फडक्याने पुसून काढलं. झाकण सुटलं. हॉटेलवाल्या बाईंसाठी मी पुण्याला आले होते, आणि ज्यासाठी आले होते ते सील मी स्वतःच्या हाताने मोडलं. दुसऱ्या कुणी मोडलं असतं तर भांडंही गेलं असतं, एवढंच समाधान.

आत पाणी स्वच्छ होतं. मालतीबाईंनी ते चहाच्या गाळण्यातून बाटलीत ओतलं. एक थेंब सांडला नाही.

अण्णा म्हणाले, "एक चमचा चव बघू का?"

"अजून वेळ आहे तुम्हाला."

"नमुना म्हणून गं."

"पिऊ नका," मी म्हटलं. "त्या कथलात शिसं असतं. तब्येतीला वाईट."

मालतीबाई माझ्याकडे वळल्या. "अहो, ते मरताना द्यायचंय."

मी उलथणं पुसून खोकं क्रमांक अकरात परत ठेवलं.

गॅलरीत जाऊन मी हॉटेलवाल्या बाईंना फोन लावला आणि सगळं सांगितलं. त्या मुळीच रागावल्या नाहीत.

"अहो शैलाताई, मग परत सील करून घ्या ना. बाहेरून तसाच दिसेल."

"आत काही नसेल."

"थोडं पाणी घाला, हलवलं की वाजलं पाहिजे. आत कोण बघतंय? आणि सोमवारी या, खोल्यांचं फायनल करून टाकू."

खोटं कशाला सांगू, मला पटलं. गडू खरा, कथील तेवढं नवं. माणूस खरा असतो, दात तेवढे नवे असतात, तसंच. शिवाय घेणारीला मी सगळं सांगितलेलं होतं. पुढे ती पाहुण्यांना काय सांगेल ते तिच्या डोक्यावर.

आत आले तोवर मालतीबाईंनी गडू वर्तमानपत्रात गुंडाळून, सुतळीने बांधून तयार ठेवला होता. मी पैसे दिले, त्यांनी मोजले नाहीत. "बिबवेवाडीला आलात की वर या," म्हणाल्या. "तिसरा मजला."

कसब्यातली तांबट आळी तिथून चालत जाण्यासारखी. ठोक्यांचा आवाज ऐकत गेलं की सापडते. एक साठीचे कारागीर तांब्याच्या पाण्याच्या बाटल्यांना ठोके देत बसले होते. आता लोकांना तेच हवं असतं. त्यांना म्हटलं, याचं झाकण झाळून द्यायचंय.

त्यांनी कागद काढला, अंगठ्याने गळा चाचपला. "जुना आहे. कुणीतरी हातोडी मारलीय मूर्खासारखी." मग विचारलं, "रिकामा आहे ना?"

"माझ्यासमोर रिकामा झालाय."

मी जुनी वस्तू घेताना नेहमी आत बघते. कुठे विंचू निघतो, कुठे चिठ्ठी. हा मात्र मीच उघडला होता, मीच ओतताना पाहिला होता. म्हणून झाकण उचलून बघितलं नाही. त्यांनी गडू आडवा ठेवला, झाकण दाबून बसवलं आणि ज्योत लावली. दोन मिनिटांनी दुकानभर वास सुटला. आधी गोड, मग कडवट.

त्यांनी ज्योत बाजूला केली, वास घेतला आणि म्हणाले, "बाई, तुमची गंगा करपली."

झाकण काढलं. गळ्याशी तपकिरी पाक, त्याच्या मागे पांढरी साखर. ओंजळभर तरी असेल.

मी तिथूनच मालतीबाईंना फोन केला. "अहो, गडूत साखर?"

"मग? रिकामं भांडं देऊ घरातून? नाशकात पद्धत नाही का?"

"मालतीबाई, मी ते विकत घेतलंय!"

"पैसे तुम्ही गडूचे दिलेत. साखरेचे मी कुठे घेतले?"

फोन बंद झाला. कारागीर हसत होते, आवाज न करता, खांदे हलवत. त्यांनी गरम पाणी घालून पाक सोडवला, गडू दोनदा विसळला आणि नळाकडे बोट दाखवलं.

"आता पाणी भरतो. चार घोट पुरेत. डचमळलं की झालं, नाही का?"

माझा धंदा काय आहे ते मला चांगलं माहीत आहे. वस्तू एका जागी राहत नाही, म्हणून तर मी पोट भरते. हॉटेलं बंद पडतात. त्यांचं सामान लिलावात निघतं, तिथून माझ्यासारखी कोणी ते उचलते, आणि बंद गडू पुन्हा कुणाच्या तरी देवघरात जाऊन बसतो. मग एका दुपारी एखादे अण्णा घाईघाईने तो फोडतात. झाकण या वेळी निघतंसुद्धा. आणि आत कसब्यातलं नळाचं पाणी.

"झाळू नका," मी म्हटलं. "झाकण नुसतं ठेवा."

"मजुरी मात्र होईल."

"होऊ दे."

नाशिक

सोमवारी गडू घेऊन हॉटेलवर गेले. बाईंनी झाकण उचललं, आत पाहिलं, परत ठेवलं. "शैलाताई, तुम्हाला सांगितलं होतं," एवढंच म्हणाल्या. चहा चांगला दिला. चाळीस खोल्या मुंबईच्या कुणा सजावटकाराला गेल्या. शेजारचा गाळाही गेला. तिथे आता मोबाईलची कव्हरं मिळतात. याचं मला वाईट वाटलं नाही असं म्हणणार नाही. चांगले चार दिवस घरात कुणी माझ्याशी जास्त बोललं नाही.

महिन्याभराने उद्‌घाटनाचं बोलावणं आलं तेव्हा गेले. स्वागतकक्षात दोन सीलबंद गडू होते. सारख्या उंचीचे आणि सारखेच काळपट. कोणी बघत नाही असं पाहून मी दोन्ही हलवले. दोन्ही डचमळले. मी जागेवर ठेवून जेवायला गेले.

माझा गडू दुकानात दर्शनी फळीवर आहे. खाली पुठ्ठ्याचा तुकडा लावलाय: 'गडू जुना, खरा. विकायचा आहे. उघडलेला आहे. गंगा पुण्यात आहे.'

परवा एका गृहस्थांनी ते दोनदा वाचलं आणि चष्मा सावरून विचारलं, "पुण्यात कुठे?"

"आधी शनिवार पेठेत होती," मी म्हटलं. "आता बिबवेवाडीला. तिसरा मजला."